नौदलाच्या ऐतिहासिक विमानांचे जतन व पुनर्स्थापन

नौदलाच्या ऐतिहासिक विमानांचे जतन व पुनर्स्थापन हे विमानविद्या संग्रहालयांच्या कार्याचे एक विशेष अंग आहे. सेवेतून निवृत्त झालेली, अपघातात नष्ट झालेली किंवा पाण्यातून बाहेर काढलेली नौदलीय विमाने शोधणे, त्यांची झीज थांबवणे, आवश्यक तेथे त्यांची पुनर्बांधणी करणे आणि प्रदर्शनात आल्यानंतर त्यांची नित्य निगा राखणे या सर्व कामांचा त्यात समावेश होतो. इंग्लंडमधील योव्हिल्टन येथील फ्लीट एअर आर्म संग्रहालय, अमेरिकेतील पेन्साकोला येथील नॅशनल नेव्हल एव्हिएशन म्युझियम आणि भारतात गोव्यातील दाबोळीजवळचे नौदल विमानवाहन संग्रहालय ही या क्षेत्रातील महत्त्वाची केंद्रे होत.

संज्ञा व भूमिका

या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जाण्याची चूक वारंवार होते. पहिली म्हणजे जतन. यात विमान आहे त्या स्थितीत ठेवून केवळ त्याचा पुढील ऱ्हास थांबवला जातो. दुसरी पुनर्स्थापन. यात विमान त्याच्या सेवाकाळातील एखाद्या निश्चित वेळी जसे होते तसे पुन्हा केले जाते. तिसरी पुनर्बांधणी. यात मूळ भाग थोडे आणि नव्याने घडवलेले भाग पुष्कळ असतात. जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात मूळ दगड काढून नवा संगमरवर बसवला की देऊळ झळाळते, परंतु त्याचा पुरावा म्हणून असलेला उपयोग संपतो. विमानांबाबतही नेमके हेच घडते. नवा पत्रा, नवा रंग आणि नवी चिन्हे ल्यालेले विमान छायाचित्रात सुंदर दिसते, पण ते कोणत्या कारखान्यात, कोणत्या पद्धतीने बांधले गेले, कोठे दुरुस्त झाले आणि कोणी वापरले हे सांगणारी साक्ष त्या चकाकीखाली कायमची पुसली गेलेली असू शकते.

यामुळे आधुनिक संवर्धक दोन नियम पाळतात. केलेला प्रत्येक बदल शक्य तितका परत फिरवता येण्याजोगा असावा, आणि काढलेला प्रत्येक भाग व टाकलेला प्रत्येक थर यांची नोंद व्हावी. हे नियम सांगायला सोपे असले तरी पाळायला महाग आहेत. अनेक संग्रहालयांत हे काम निवृत्त तंत्रज्ञ व स्वयंसेवक यांच्या बळावर चालते. त्यांचे हात कुशल असतात, परंतु त्यांची मूळ शिकवण विमान उडण्यायोग्य करण्याची असते. सदोष भाग दिसला की तो बदलायचा, ही आयुष्यभर अंगवळणी पडलेली सवय त्यांना संग्रहालयात आवरावी लागते.

नौदलीय विमानांच्या विशेष अडचणी

नौदलाचे विमान आणि जमिनीवरून उडणारे विमान वरवर सारखेच दिसले तरी त्यांचे आयुष्य भिन्न असते. विमानवाहू नौकेवर उतरताना विमान शेपटीकडील आकड्याने डेकवर ताणलेल्या तारेत अडकते व काही क्षणांत थांबते. हा हिसका चाकांच्या खांबांपासून धडाच्या मागील भागापर्यंत सर्वत्र पोहोचतो. त्यामुळे अशा विमानांत अतिशय कठीण पोलादाचे जोड ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवलेले असतात. नौकेवरील जागा अपुरी असल्याने पंख दुमडावे लागतात, आणि त्या बिजागरांत पोलादी खिळी, काशाचे बुश व ॲल्युमिनियमचे कान एकमेकांना चिकटून असतात.

येथेच खरी अडचण सुरू होते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि त्यांच्यामध्ये मिठाचे पाणी शिरले, तर एक लहानसा विद्युत घटच तयार होतो. या घटात ॲल्युमिनियम झिजते, पोलाद टिकते. कोकणात खिडकीचे गज किंवा दुचाकीचा पत्रा कसा खाल्ला जातो हे किनारपट्टीवरील प्रत्येकास ठाऊक असते. विमानात मात्र हा गंज लाल नसतो. ॲल्युमिनियमवर तो पांढरट भुकटीच्या रूपात दिसतो, आणि अनेकदा दिसतही नाही. अधिक ताकदीच्या मिश्रधातूंत गंज धातूच्या कणांच्या सीमांमधून आत सरकतो व पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा थराथरांनी फुगतो. वरून रंग शाबूत असतो, बोटाने दाबल्यावर मात्र खालची जागा ढिसूळ लागते. वजन वाचवण्यासाठी काही चाकांत, इंजिनांच्या आवरणांत व गिअरपेट्यांत मॅग्नेशियमचे मिश्रधातू वापरलेले असतात. खाऱ्या हवेत सर्वांत आधी हेच भाग जातात.

विमानाचा पत्रा गंजू नये म्हणून अनेक मिश्रधातूंवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. हा थर स्वतः झिजून आतील धातूचे रक्षण करतो. संग्रहालयातील विमान आरशासारखे चमकावे म्हणून वर्षानुवर्षे पॉलिश घासत राहिल्यास नेमका हाच थर निघून जातो. देखभालीच्या उत्साहाने झालेले हे नुकसान भरून काढता येत नाही.

धातूशिवाय इतर पदार्थांचेही प्रश्न असतात. दुसऱ्या महायुद्धातील अनेक विमानांच्या सुकाणूंवर, आणि कोर्सेअरसारख्या धातूच्या विमानात बाहेरच्या पंखांच्या मागील भागावरही, कापड ताणून बसवलेले असे. त्यावर डोप नावाचे लुकण चढवले जाई. या लुकणाचा जुना प्रकार अतिशय ज्वालाग्राही असतो. व्हॅम्पायर हे जेट विमान असूनही त्याच्या धडाचा वैमानिककक्षाचा भाग प्लायवुड व बाल्सा लाकडाच्या थरांचा आहे. दमट हवेत त्यातील लाकूड फुगते, सांधे सुटतात. नळ्यांच्या जोडांतील रबर काळाबरोबर कडक होऊन तडकते, तर वैमानिकाच्या डोक्यावरील ॲक्रिलिकच्या छत्रीत उन्हामुळे केसासारख्या बारीक चिरा पडतात.

केडी ४३१ : रंगाखालचे विमान

जतन श्रेष्ठ की पुनर्स्थापन, या वादात फ्लीट एअर आर्म संग्रहालयातील कोर्सेअर केडी ४३१ या विमानाचे उदाहरण नेहमी दिले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथे गुडइयरच्या कारखान्यात १९४४ मध्ये बांधलेले हे विमान ब्रिटिश नौदलाला देण्यात आले होते. ब्रिटिश विमानवाहू नौकांच्या हँगरची उंची कमी असल्याने तेथील कोर्सेअर विमानांच्या पंखांची टोके प्रत्येकी सुमारे २० सेंटिमीटरने कापलेली असत. दुमडलेले पंख छताला लागू नयेत हा त्याचा हेतू. केडी ४३१ प्रशिक्षणाच्या कामी आले. युद्धानंतर ते क्रॅनफील्ड येथील विमानविद्येच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवले गेले आणि १९६०च्या दशकाच्या प्रारंभी संग्रहालयाकडे आले. त्या सुमारास त्याला गडद निळा रंग फासण्यात आला, आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे प्रेक्षकांनी तेच निळे विमान पाहिले.

२०००च्या सुमारास या विमानाचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. प्रचलित मार्ग सरळ होता. सर्व रंग रसायनाने उतरवायचा, पत्रा तपासायचा, गंजलेले भाग बदलायचे आणि १९४४ चा वाटेल असा नवा रंग द्यायचा. संग्रहालयाचे संवर्धक डेव्हिड मॉरिस यांनी तसे न करता वरचा थर तेवढाच काढून पाहण्याचे ठरवले. निळ्या रंगाखाली मूळ रंग होता. वरचा रंग खालच्या रंगास घट्ट धरून बसलेला नसल्याने, काळजीपूर्वक काम केल्यास तो वेगळा करता येत होता. मूर्तीवरील शेंदराचे कवच उतरल्यावर आतील मूळ मूर्ती दिसावी, तसाच हा प्रकार होता. मात्र येथे कवच आपोआप गळून पडणारे नव्हते. हाताने, थोड्या थोड्या जागेत, बारीक घासकागदाने काम करावे लागले. एक फटका जास्त बसला की मूळ रंगही निघून जाणार होता, आणि तो परत आणण्याचा कोणताही उपाय नव्हता.

हे काम सुमारे पाच वर्षे चालले. त्यातून युद्धकाळातील रंग, राष्ट्रचिन्हे, तुकडीची अक्षरे आणि देखभालीच्या सूचना मूळ रूपात बाहेर आल्या. रंग फिका आहे, जागोजागी उडालेला आहे, ओरखडे आहेत. विमान नवे दिसत नाही, आणि त्याचे मोलही तेथेच आहे. कारखान्यातून निघाल्यानंतर ज्याचा मूळ रंग व बांधणी एवढ्या प्रमाणात टिकून आहे अशी त्या काळातील लढाऊ विमाने जगात फार थोडी आहेत. मॉरिस यांनी या कामाचा वृत्तांत २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे त्याच संग्रहालयातील ग्रमन मार्टलेट एएल २४६ या विमानावरही हीच पद्धत वापरण्यात आली. हे विमान मुळात फ्रान्सच्या मागणीनुसार बांधले गेले होते. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर ते ब्रिटनकडे वळवण्यात आले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ती उघड्यावर ठेवलेल्या विमानास लागू पडत नाही, कारण उघडा पडलेला जुना रंग पाऊस व ऊन यांना तोंड देऊ शकत नाही. ज्याचा मूळ रंग पूर्वीच रसायनाने उतरवला गेला आहे त्या विमानात शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते. दुर्दैवाने बहुतेक विमाने या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

याच संग्रहालयाचे फेअरी बॅराकुडा विमानावरील काम अगदी उलट टोकाचे आहे. या प्रकारची अडीच हजारांहून अधिक विमाने बांधली गेली, परंतु एकही संपूर्ण विमान शिल्लक राहिले नाही. युद्ध संपल्यावर ती भंगारात गेली व जतन करण्याची कल्पना कोणाला सुचेपर्यंत उशीर झाला होता. उत्तर आयर्लंडमधील दलदलीत १९४४ मध्ये कोसळलेल्या डीपी ८७२ या विमानाचे अवशेष १९७१ मध्ये बाहेर काढले गेले. त्यांचा व इतर अपघातस्थळी मिळालेल्या तुकड्यांचा आधार घेऊन पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. चुरगळलेला मूळ पत्रा फेकून न देता तो सरळ करून पुन्हा वापरण्यावर तेथे भर आहे. डीपी ८७२ मधील वैमानिकदलाचा त्या अपघातात मृत्यू झाला होता. अशा अवशेषांवर काम करताना त्यांना निव्वळ सुटे भाग मानता येत नाही.

पाण्यातून काढलेली विमाने

अमेरिकेत नौदलीय विमानांचा एक मोठा साठा मिशिगन सरोवराच्या तळाशी सापडला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांपासून दूर, देशाच्या अंतर्भागात वैमानिकांना डेकवर उतरण्याचे शिक्षण देण्यासाठी चाकांवर चालणाऱ्या दोन प्रवासी आगबोटींचे रूपांतर वुल्व्हरीन व सेबल या विमानवाहू नौकांत करण्यात आले. शिकागोजवळ त्यांच्यावर सतरा हजारांहून अधिक वैमानिकांनी पात्रता मिळवली. या सरावात शंभराहून अधिक विमाने सरोवरात पडली. पाणी गोडे व थंड असल्याने ती समुद्रातील विमानांपेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीत राहिली.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध २१०६ क्रमांकाचे डॉन्टलेस हे सूरमारी बाँबफेकी विमान होय. ७ डिसेंबर १९४१ रोजी ते पर्ल हार्बर येथे होते. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत त्याने भाग घेतला व २०० हून अधिक गोळ्यांची छिद्रे घेऊन ते एका चाकावर परत उतरले. दुरुस्तीनंतर ते प्रशिक्षणासाठी पाठवले गेले आणि जून १९४३ मध्ये मिशिगन सरोवरात बुडाले. १९९०च्या दशकात ते बाहेर काढून पेन्साकोला येथे पुनर्स्थापित करण्यात आले. मिडवेला मार खाल्लेल्या विमानावर त्या जखमांची ठिगळे असतात. ती बदलून गुळगुळीत पत्रा बसवणे म्हणजे त्या विमानाचा इतिहासच काढून टाकणे ठरते.

पाण्यातून विमान काढणे हा कामाचा सोपा भाग असतो. पाण्याखाली प्राणवायू कमी असल्याने मंदावलेला गंज हवा लागताच झपाट्याने वाढतो. समुद्रातून काढलेल्या धातूत क्लोराइड खोलवर मुरलेले असते. तो धातू महिनोन्महिने, प्रसंगी वर्षे, पाण्याच्या टाक्यांत ठेवून क्षार काढावे लागतात. ही सोय आधी झालेली नसेल तर विमान तळाशीच राहू देणे अधिक शहाणपणाचे असते. मिशिगन सरोवरात मात्र आता थांबणेही सुरक्षित नाही. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी तळावरील अवशेषांना विळखा घातला आहे. शिवाय बुडालेली लष्करी विमाने अमेरिकन नौदलाच्या मालकीचीच राहतात, असे २००४ च्या कायद्याने स्पष्ट केले असल्याने परवानगीविना कोणालाही त्यांना हात लावता येत नाही.

उड्डाणक्षम विमाने

काही विमाने आजही उडवली जातात. ब्रिटनमध्ये स्वोर्डफिश या कापडी आवरणाच्या दुपंखी टॉर्पेडो विमानाचे उड्डाणक्षम नमुने राखले गेले आहेत. मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचे सुकाणू निकामी करणारी विमाने याच प्रकारची होती. उडणाऱ्या विमानात सुरक्षिततेसाठी जुना भाग बदलणे टाळता येत नाही. स्वोर्डफिशच्या पंखांतील मुख्य तुळयांत गंज आढळल्यावर नवे पंख घडवावे लागले. जितके अधिक उड्डाण, तितका मूळ द्रव्याचा अंश कमी. म्हणूनच एखाद्या प्रकारचे एकच विमान शिल्लक असेल तर ते उडवू नये, असे बहुतेक संवर्धकांचे मत आहे.

धोकादायक भाग

जुन्या विमानाजवळ काम करणे निर्धोक नसते. अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांच्या आकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. ती चमक आता गेलेली असते, कारण प्रकाश देणारे द्रव्य निकामी झालेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग तसाच राहतो. न चमकणारी तबकडी सुरक्षित आहे असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. पिवळसर हिरव्या गंजरोधक रंगातील क्रोमेट कर्करोगकारक असते, त्यामुळे तो कोरडा घासला जात नाही. पोलादी भागांवरील कॅडमियमचा मुलामा विषारी असतो. सी हॉक, सी हॅरियर यांसारख्या जेट विमानांत वैमानिकास बाहेर फेकणारी आसने असतात. त्यांची स्फोटक काडतुसे काढून आसन निष्क्रिय केल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय कोणीही वैमानिककक्षात बसत नाही.

नित्य देखभाल

पुनर्स्थापनेला मिळणारी प्रसिद्धी देखभालीला मिळत नाही, परंतु विमाने वाचतात ती देखभालीमुळे. बंदिस्त दालनात हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ५० टक्क्यांखाली व स्थिर ठेवली जाते. विमानाचा भार टायरांवर राहू नये म्हणून ते आधारखांबांवर उचलून ठेवतात. तुळयांच्या पोकळ भागांत व पत्र्याच्या सांध्यांत मेणयुक्त तेल फवारले जाते. उघड्यावरील विमानांसाठी सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे : गोड्या पाण्याने वरचेवर धुणे. विमानाच्या पोटाकडील निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे तितकेच महत्त्वाचे असते. कुंभारणीने एका छिद्रात मातीचे घर केले तरी पावसाचे पाणी धडात साठते व खालचा पत्रा आतून कुजतो. इंजिनाच्या तोंडात पक्षी घरटी करतात. त्यांची विष्ठा आम्लधर्मी असल्याने रंग व धातू दोन्ही खाते.

भारतातील स्थिती

भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची पहिली विमाने शॉर्ट सीलँड ही जलस्थलचर विमाने होती. ती १९५३ मध्ये कोची येथे दाखल झाली. या प्रकारची जगात एकूण २५ च विमाने बांधली गेली. त्यांपैकी एक गोव्यातील संग्रहालयात आहे. १९९८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय आयएनएस हंसा या नौदल तळाला लागून, बोगमाळो रस्त्यावर आहे. फेअरी फायरफ्लाय, व्हॅम्पायर, सी हॉक, ब्रेगे अलिझे, सी हॅरियर अशी विमाने तेथे पाहावयास मिळतात. डिसेंबर १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवरून चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले करणाऱ्या विमानांत सी हॉक व अलिझे हेच दोन प्रकार होते. संग्रहातील सर्वांत मोठे विमान लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन होय. एअर इंडियाच्या ताफ्यातून वायुसेनेकडे व तेथून १९७६ मध्ये नौदलाकडे सागरी टेहळणीसाठी आलेली ही विमाने १९८०च्या दशकात निवृत्त झाली.

संग्रहालयातील विमाने प्रामुख्याने उघड्यावर मांडलेली आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. वर सांगितलेली गंजाची सर्व कारणे येथे एकत्र येतात. अशा ठिकाणी आगोटीपूर्वी रंगाचे पोपडे काढून नवा हात देणे ही चैन नसून गरज असते. केडी ४३१ सारखा मूळ रंग उघडा ठेवणे येथे शक्यच नाही. छप्पर हाच खरा उपाय असला तरी ३७ मीटरहून अधिक पंखविस्ताराच्या सुपर कॉन्स्टेलेशनसाठी वातानुकूलित दालन उभारण्याचा खर्च विमानाच्या पुनर्स्थापनेपेक्षा अधिक होईल. त्यामुळे आकाराने लहान, लाकडी किंवा दुर्मीळ विमानांना आधी छत देणे हा क्रम तर्काला धरून आहे. सीलँड व व्हॅम्पायर यांचा विचार त्यात प्रथम करावा लागेल.

विशाखापट्टणम येथे नौदलाचे तुपोलेव्ह टीयू १४२ हे टेहळणी विमान समुद्रकिनाऱ्यावरील रस्त्यालगत प्रदर्शित केले आहे. मार्च २०१७ मध्ये ही विमाने निवृत्त झाल्यावर त्यांपैकी एक विशाखापट्टणमच्या तळावर उडवत आणले गेले. तेथे ते सुटे करून किनाऱ्यावर पुन्हा जोडण्यात आले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ५० मीटर पंखविस्ताराचे हे विमान बंगालच्या उपसागराच्या खाऱ्या वाऱ्यासमोर उभे आहे.

मुंबईत जुन्या नौदलीय विमानांचे प्रदर्शन प्रत्यक्ष विमानवाहू नौकेवर होते. १९९७ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस विक्रांत २००१ पासून तरंगते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली करण्यात आली व तिच्यावर विमाने व हेलिकॉप्टरे मांडण्यात आली. पाण्यात उभ्या असलेल्या पोलादी जहाजाची देखभाल कोणत्याही विमानापेक्षा खर्चिक असते. तो खर्च न झेपल्याने व जहाज असुरक्षित ठरल्याने २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले, आणि २०१४ च्या अखेरीस विक्रांत तोडण्यास सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज ऑटोने विकत घेऊन २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या व्ही १५ या मोटारसायकलीच्या इंधनटाकीत वापरला.